टार्नलेट बंद पडली तेव्हा: जखमी मुलांच्या नोंदींचं एक प्रकरण

जून 2023 च्या पहिल्या आठवड्यात मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणक यंत्रणेत कोणीतरी बाहेरून शिरलं. 6 जूनला ही गोष्ट लक्षात आली आणि 9 जूनला विद्यापीठाने ती जाहीर केली. पहिल्या बातम्या विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्या माहितीबद्दल होत्या. महिनाअखेरीस 'इंडिपेंडंट' या वृत्तपत्राने छापलं, की हा हात रुग्णांच्या माहितीपर्यंतही पोचला आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या, म्हणजे एनएचएसमधल्या, सुमारे 200 रुग्णालयांतून 2012 पासून संशोधनासाठी जमा केलेली 11 लाख रुग्णांची ती माहिती होती. त्यात मोठ्या अपघातांतले जखमी होते, आणि दहशतवादी हल्ल्यांनंतर ज्यांच्यावर उपचार झाले तेही होते.

हे वर्णन जुळतं ते 'ट्रॉमा ऑडिट अँड रिसर्च नेटवर्क' या नोंदवहीशी. तिथले लोक तिला 'टार्न' म्हणत. हल्ल्यानंतर टार्नची यंत्रणा बंद केली गेली आणि पूर्वीच्या रूपात ती पुन्हा उभी राहिलीच नाही. टार्नमध्ये मुलांसाठी वेगळी शाखा होती, 'टार्नलेट'. लिव्हरपूलचं 'आल्डर हे' बालरुग्णालय, मँचेस्टरचं रॉयल मँचेस्टर चिल्ड्रन्स, बर्मिंगहॅम आणि शेफील्डची बालरुग्णालयं, अशा ठिकाणी गंभीर जखमी होऊन आलेल्या मुलांच्या नोंदी तिच्यात जात.

रुग्णालयातल्या नोंदींशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला या प्रकरणात दोन नुकसानं दिसतात. एक म्हणजे माहिती नको त्या हाती पडण्याची शक्यता. त्यावर बरंच लिहिलं गेलं. दुसरं म्हणजे नोंदवहीच थांबली. त्यावर फारच कमी लिहिलं गेलं, आणि मुलांच्या बाबतीत हे दुसरं नुकसान पहिल्याइतकंच मोठं आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून दोन्ही इथे एकत्र मांडतो.

नोंदवही आली कुठून

1988 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. इंग्लंड आणि वेल्समध्ये दुखापतीने झालेल्या 1000 मृत्यूंची कागदपत्रं चार परीक्षकांनी स्वतंत्रपणे वाचली होती. त्यातले 514 जण रुग्णालयात जिवंत पोचले होते. त्यांपैकी 102 जण वाचू शकले असते, असं चारही परीक्षकांचं एकमत झालं. म्हणजे रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावर दगावलेल्या दर पाचांतला एक. कुणाच्या पोटातला रक्तस्राव लक्षातच आला नव्हता, कुणाची शस्त्रक्रिया उशिरा झाली होती.

हे कळलं ते मेलेल्यांचे कागद उघडून, आणि तेही एकदाच. पुढच्या वर्षी काय झालं, अमुक रुग्णालयात सुधारणा झाली की नाही, हे सांगायला कायमची नोंद लागते. त्या गरजेतून जी नोंद सुरू झाली तिचं पुढे टार्न झालं. त्या 1988 च्या अभ्यासाच्या लेखकांपैकी मॅरलिन वुडफर्ड यांनी पुढे अनेक वर्षं टार्नचं काम पाहिलं.

2012 मध्ये इंग्लंडभर मोठ्या दुखापतींसाठी रुग्णालयांची जाळी उभारली गेली. कोणता जखमी जवळच्या रुग्णालयात न्यायचा आणि कोणता ते ओलांडून थेट मोठ्या केंद्रात, हे ठरवून दिलं गेलं. या बदलाचा उपयोग झाला का, हे टार्नच्याच आकड्यांवरून तपासलं. 2008 ते 2017 या काळात गंभीर जखमी माणूस जगण्याची शक्यता, संख्याशास्त्राच्या 'ऑड्स'च्या, म्हणजे जगणारे आणि दगावणारे यांच्या गुणोत्तराच्या हिशेबात, 19 टक्क्यांनी वाढली होती. अशा सुधारणेचा पुरावा द्यायला दुसरी कुठलीच वही नव्हती.

मुलाची नोंद वेगळी का

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातलं बाळ खरं नाही, पण असं बाळ कुठल्याही बालरुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत येऊ शकतं. पाच महिन्यांचं बाळ. 'सोफ्यावरून पडलं' असं घरचे सांगतात. बाळ सुस्त आहे. श्वास मिनिटाला 40, वरचा रक्तदाब 80.

मोठ्या माणसांच्या दुखापतीची तीव्रता मोजायला एक जुनं कोष्टक वापरतात. त्यात शुद्ध, रक्तदाब आणि श्वासाचा वेग यांना गुण असतात. श्वास मिनिटाला 10 ते 29 असेल तर पूर्ण 4 गुण, 29 च्या वर गेला की 3. रक्तदाब 89 च्या वर असेल तर 4, 76 ते 89 मध्ये असेल तर 3. आपल्या बाळाचा श्वास आणि रक्तदाब दोन्ही त्याच्या वयाला साजेसे आहेत, तरी कोष्टक त्याचे दोन गुण कापतं. पाळण्यात हसतखेळत असलेलं निरोगी बाळही या कोष्टकात 'थोडं जखमी' ठरतं. शुद्ध मोजण्याच्या मापातही हीच अडचण. 'विचारल्यावर नीट उत्तर देतो का' हा प्रश्न पाच महिन्यांच्या बाळाला कसा लावणार? तिथे बाळ आवाज काढतं का, त्याचं रडणं समजूत घातल्यावर थांबतं का, दुखवल्यावर फक्त कण्हतं का, असं पाहावं लागतं. म्हणून 1987 मध्ये मुलांसाठी वेगळी गुणपद्धत आली. तिच्यात वजन, श्वासमार्ग, रक्तदाब, शुद्ध, उघडी जखम आणि मोडलेलं हाड अशा सहा गोष्टी पाहतात. बेरीज उणे 6 ते 12 यांच्या दरम्यान येते, आणि 8 किंवा त्याखाली गेली की मूल धोक्यात आहे असं मानतात.

नोंद लिहिणाऱ्याने वय 'शून्य वर्षं' असं टाकलं, तर आठ दिवसांचं बाळ आणि अकरा महिन्यांचं रांगणारं बाळ एकाच रकान्यात पडतात. वजन लिहिलं नाही तर औषधाचा डोस बरोबर होता का हे पुढे तपासता येत नाही. रक्तदाबाचा रकाना रिकामा राहण्याचं कारणही मुलांत वेगळं असतं. लहान आकाराचा पट्टा त्या वेळी हाताशी नव्हता, किंवा बाळ इतकं रडत होतं की मशीनने आकडाच दिला नाही. म्हणजे रिकामा रकाना बरेचदा सर्वांत लहान आणि सर्वांत अस्वस्थ मुलांचा असतो. अशा नोंदी 'अपूर्ण' म्हणून विश्लेषणातून काढून टाकल्या, तर नेमकी तीच मुलं आकड्यांतून गायब होतात.

बाळाकडे परत जाऊ. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत, मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त दिसलं. संपूर्ण हाडांच्या एक्स-रेत तीन बरगड्या मोडलेल्या दिसल्या आणि पायाचं एक हाड. आता या जखमांना आकडे द्यायचे. प्रत्येक जखमेला 1 ते 6 अशी तीव्रता द्यायची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. समजा डोक्याला 4, छातीला 3, पायाला 2 मिळाले. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतल्या सर्वांत मोठ्या तीन आकड्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची: 16 अधिक 9 अधिक 4, म्हणजे 29. सुसान बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये ही रीत मांडली. बेरीज जास्तीत जास्त 75 होते आणि 15 च्या वर गेली की दुखापत 'गंभीर' समजतात.

हे आकडे डॉक्टर केसपेपरवर लिहीत नाहीत. रुग्णालयातला नोंद-समन्वयक डिस्चार्जनंतर सगळे कागद घेऊन बसतो: रुग्णवाहिकेचा कागद, कॅज्युअल्टीची नोंद, स्कॅनचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणं, आणि मूल दगावलं असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल. प्रत्येक जखम तो शब्दांत उतरवतो. टार्नमध्ये हे शब्द केंद्राकडे जात, आणि तिथले प्रशिक्षित लोक त्यांना आकडे देत. सगळ्या देशाचे आकडे एकाच हाताने दिले जात असल्यामुळे लिव्हरपूलचे 29 आणि शेफील्डचे 29 यांची तुलना करता येत होती. हे सगळं डिस्चार्जपासून 25 दिवसांत पूर्ण व्हावं अशी अपेक्षा होती, आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशांचा काही भाग वेळेत केलेल्या नोंदीशी जोडलेला होता. पैशाची ही जोड मला योग्य वाटते. नोंदीचं काम फुकटात, रिकाम्या वेळात होत नाही.

त्या नोंदीतून काय दिसलं

टार्नच्या मुलांच्या नोंदींवरचा फियॉन डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुखापत झालेली 14,845 मुलं होती. बहुतेकांच्या दुखापती अपघाताने झालेल्या, पण 769 मुलांच्या दुखापतीमागे छळाचा संशय होता. त्या 769 पैकी 762 मुलं पाच वर्षं किंवा त्याहून लहान होती, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांचं वय एक वर्षही नव्हतं. अपघातात जखमी झालेल्या मुलांपैकी 2.6 टक्के दगावली. छळाचा संशय असलेल्यांत हेच प्रमाण 7.6 टक्के होतं.

पुढच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. रस्त्यावर गाडीने उडवलेलं मूल रुग्णवाहिकेतून थेट मोठ्या केंद्रात जातं. छळाचा संशय असलेली बाळं मात्र बरेचदा घरच्यांच्या हातावर, जवळच्या साध्या रुग्णालयात पोचत. 'अपघात' असा शब्दच उच्चारलेला नसल्यामुळे अपघातग्रस्तांसाठी आखलेली सगळी तातडी त्यांच्यासाठी सुरूच होत नसे. योग्य ठिकाणी पोचायला त्यांना अधिक वेळ लागे.

एका रुग्णालयातल्या डॉक्टरला हे कधीच दिसलं नसतं. एखाद्या ठिकाणी वर्षाला अशी दोन-चार बाळं येतात, आणि प्रत्येक वेळी समोर उभे असलेले आईवडील वेगळे असतात. दोनशे ठिकाणची बाळं एका वहीत आली तेव्हा त्यांच्यातलं साम्य दिसलं. मुलांच्या नोंदवहीची बाजू मांडताना मी नेहमी हाच अभ्यास पुढे करतो.

संमतीचा प्रश्न

टार्नमध्ये रुग्णांची संमती घेतली जात नव्हती. हे लपवलेलं नव्हतं. इंग्लंडच्या 2006 च्या आरोग्यसेवा कायद्यातलं 251 वं कलम, स्वतंत्र समितीच्या सल्ल्याने, अशा कामासाठी संमतीशिवाय गोपनीय माहिती वापरायची परवानगी देतं. टार्नकडे ती परवानगी होती. तरी बातमी आल्यावर अनेकांना धक्का बसला, कारण आपली माहिती अशा ठिकाणी आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मुलांच्या बाबतीत ही परवानगी मला पूर्णपणे पटते. आपल्या काल्पनिक बाळाच्या नोंदीसाठी संमती कुणाची घ्यायची? बाळ देऊ शकत नाही. आणि ज्यांच्या हातून ती जखम झाली असावी असा संशय आहे त्यांच्यापुढे फॉर्म ठेवायचा, तर ते सही करणार नाहीत. 769 ची संख्या शंभरावर येईल, आणि उरलेली बाळं कुठे गेली हे कुणालाच कळणार नाही. बेशुद्ध माणूस, दगावलेला माणूस, कडेवरचं बाळ, या सगळ्यांना वगळून केलेली दुखापतीची नोंद फसवी असते.

पण संमती न घेता माहिती ठेवली, की सांभाळणाऱ्यावर दुप्पट भार येतो. संमती दिलेला माणूस निदान विचार करून हो म्हणालेला असतो. इथे तसं कुणी नाही. बाळाने विचार केला नाही आणि त्याच्या वतीने कुणालाही विचारलं गेलं नाही. अशा नोंदीची राखण करताना 'आमच्याकडून नियमाप्रमाणे झालं' एवढं उत्तर पुरत नाही.

काय बाहेर गेलं असेल, आणि त्याने काय होतं

बातमीनुसार त्या माहितीत रुग्णांचा एनएचएस नंबर आणि पोस्टकोडची पहिली तीन अक्षरं होती. नावं होती असं त्यात म्हटलेलं नाही. ऐकताना हे हायसं वाटतं, पण मुलांच्या नोंदीत नाव नसणं ही फार छोटी ढाल आहे. पोस्टकोडची तीन अक्षरं म्हणजे शहराचा एक भाग. त्या भागात त्या आठवड्यात डोक्याला गंभीर मार लागून दाखल झालेलं पाच महिन्यांचं बाळ किती असणार? एकच. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, त्या वेळी स्थानिक वृत्तपत्र वाचलेल्या कुणालाही ते ओळखता येईल. पन्नाशीतल्या माणसाचा मोडलेला पाय गर्दीत हरवतो. बाळाच्या मोडलेल्या बरगड्या हरवत नाहीत.

दहशतवादी हल्ल्यातल्या जखमींचंही तसंच. 22 मे 2017 च्या रात्री मँचेस्टरच्या सभागृहात गाण्याचा कार्यक्रम संपताना स्फोट झाला. हल्लेखोर सोडून 22 जण मारले गेले आणि शेकडो जखमी झाले. जमलेल्यांत मुलं आणि किशोरवयीन मुली मोठ्या संख्येने होत्या. त्या तारखेची, त्या शहरातली, धातूच्या तुकड्यांनी जखमी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीची नोंद कुणाची आहे हे शोधायला नाव लागत नाही.

आणि मुलांच्या नोंदीत 'छळाचा संशय' असा रकाना असतो. संशयच तो, पुढे कोर्टात सिद्ध झालेला असेल किंवा खोटाही ठरला असेल. नोंदवहीत दोन्ही सारखेच दिसतात. निर्दोष ठरलेल्या आईच्या नावाला तो चिकटला तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त होईल. आणि छळातून वाचून दत्तक गेलेल्या मुलाला आपली हकिगत परक्याच्या तोंडून कळेल.

हे अतिरंजित वाटत असेल तर फिनलंडकडे पाहावं. तिथल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राची माहिती चोरीला गेली आणि 2020 मध्ये चोराने थेट रुग्णांनाच खंडणीचे निरोप पाठवले. बाधित रुग्णांची संख्या 33,000 च्या आसपास होती. त्यांनी बंद खोलीत सांगितलेल्या गोष्टी जगासमोर टाकण्याची धमकी प्रत्येकाला वेगळी मिळाली. टार्नच्या बाबतीत असं काही घडल्याचं समोर आलेलं नाही. पण मुलाच्या दुखापतीची माहिती शिळी होत नाही. क्रेडिट कार्ड बदलता येतं. पाच महिन्यांचे असताना झालेला मार साठाव्या वर्षीही तुमचाच असतो.

दुसरं नुकसान

यंत्रणा बंद पडली तेव्हा रुग्णालयांत मुलं यायची थांबली नाहीत. समन्वयक कागद घेऊन बसत होते, पण लिहिलेलं पाठवायला जागा नव्हती. जखमांना आकडे देणारं केंद्र अनुपलब्ध होतं, त्यामुळे 29 की 25 हे ठरवणारा समान हात नव्हता. आपल्या रुग्णालयाची इतरांशी तुलना दाखवणारे अहवाल बंद झाले. 2024 मध्ये एनएचएसने 'नॅशनल मेजर ट्रॉमा रजिस्ट्री' या नावाने स्वतःची नवी नोंदवही सुरू केली. ती विद्यापीठाकडे नाही, आरोग्यसेवेच्याच नोंदवह्यांच्या कार्यक्रमाचा भाग आहे. म्हणजे तीस वर्षांहून जुन्या मालिकेत मध्येच खिंडार पडलं, आणि त्यानंतरचे आकडे वेगळ्या यंत्रणेतले. पुढचा अभ्यासक 2022 आणि 2025 यांची तुलना करायला बसेल तेव्हा दिसलेला फरक मुलांच्या जखमांतला की नोंदीच्या रीतीतला, हे त्याला आधी सोडवावं लागेल.

मोठ्यांच्या आकड्यांत असं खिंडार भरून काढता येतं, कारण संख्या हजारांत असते. एक वर्षाखालच्या गंभीर जखमी बाळांची संख्या मुळातच कमी. त्यांतल्या काही महिन्यांच्या नोंदी हुकल्या, तर एखादा धोका वाढतोय हे कळायला आणखी वर्षं जातात. अशा बातम्यांनंतर 'एवढी माहिती गोळाच कशाला करायची' असा सूर लागतो. तो मला घातक वाटतो. गोळा केली नसती तर त्या 769 बाळांचं चित्रच तयार झालं नसतं.

बालरुग्णालयाने आपल्या हद्दीत काय करावं

माझ्या मते या प्रकरणातून बालरुग्णालयाच्या पातळीवर सर्वांत आधी उचलायची गोष्ट म्हणजे ओळख आणि जखम यांची फारकत. नोंदवहीत मुलाला एक अर्थहीन क्रमांक द्यावा. तो क्रमांक कुणाचा हे सांगणारी यादी वेगळ्या यंत्रणेत, वेगळ्या कुलुपात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात असावी. राष्ट्रीय आरोग्य क्रमांक जखमेच्या शेजारी ठेवूच नये. दुसऱ्या नोंदींशी सांधा जोडायचा असेल तेव्हा तो यादीतून काढून जोडावा आणि काम झालं की पुन्हा तोडावा. हे कटकटीचं आहे, पण एक दार फुटलं तर चोराच्या हाती अर्धंच काही लागतं.

तारखांचंही तेच. संशोधनाला जन्मतारीख नको असते, वय हवं असतं. पहिल्या वर्षात दिवसांत, पुढे महिन्यांत, मग वर्षांत. दाखल झाल्याच्या तारखेऐवजी दुखापतीपासून किती मिनिटांनी सीटी झाला, किती तासांनी शस्त्रक्रिया झाली, हे अंतर लिहिलं तर उपचाराची पारख पूर्ण होते आणि मूल ओळखू येत नाही. मोठ्या घटनेतल्या जखमींना 'स्फोट' असा प्रकार पुरतो. घटनेचं नाव ओळखीच्या यादीकडे राहू द्यावं. छळाच्या संशयाचा रकाना मात्र काढू नये. तो मुलांच्या वहीतला सर्वांत मौल्यवान रकाना आहे. तो कोण उघडू शकतो हे मर्यादित ठेवावं, कुणी कधी उघडला याची आपोआप नोंद व्हावी, आणि संशय खोटा ठरला तर तसं लिहायला शेजारी जागा असावी. ही शेवटची जागा बहुतेक ठिकाणी विसरली जाते.

आणि स्वतःची प्रत. केंद्राला पाठवलं म्हणजे आपलं काम संपलं, असं मानणाऱ्या रुग्णालयाची केंद्रासोबत स्मृतीही जाते. ज्याच्याकडे स्वतःच्या मुलांच्या जखमांचं वर्णन शब्दांत, नीट ठेवलेलं आहे, त्याला केंद्र बंद असतानाही आपल्या मृत्यूंची आणि विलंबांची दरमहा तपासणी करता येते, आणि नवी वही सुरू झाली की मागचं भरता येतं. आकड्यांची सूची बदलेल, गुणपद्धत बदलेल. 'डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मागच्या बाजूस मोडलेल्या, दोन बऱ्या होत आलेल्या' हे वाक्य कुठल्याही पद्धतीत पुन्हा मोजता येतं.

आपल्याकडे

मुंबईतल्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. 2013 मध्ये मुंबईचं केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम अशा चार ठिकाणी 'टिट्को' नावाने दुखापतींची नोंदवही सुरू झाली. शल्यचिकित्सक नोभोजित रॉय आणि स्वीडनमधले सहकारी त्यामागे होते. तिथे नोंद घ्यायला खास नेमलेली माणसं कॅज्युअल्टीत पाळीपाळीने उभी राहून रक्तदाब, श्वास, शुद्ध लिहून घेत. त्यांची पाळी नसेल तेव्हाचं मात्र केसपेपरवरून भरावं लागे. गर्दीच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचर ढकलणाऱ्या, एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणांची, नोंद करणाऱ्या आणि एकाच वेळी तीन रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरकडून चाळीस रकाने भरून घ्यायची अपेक्षा कुणी ठेवली नाही, हा त्या कामातला मोठा शहाणपणा होता. नुसत्या हातापायाच्या दुखापती त्यातून वगळल्या होत्या. जीव वाचवण्याच्या प्रश्नासाठी ते योग्यच. पण झाडावरून, गच्चीवरून, जिन्यावरून पडून हात मोडलेल्या मुलांचं चित्र त्यातून मिळत नाही. ती वही आपल्याकडच्या बालरुग्णालयांनी वेगळी लिहायला हवी.

धोकाही इथे तितकाच खरा आहे. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत बरंच काम हाताने करावं लागलं. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा सर्वसाधारण नियम आहे. जिवावर बेतलेला प्रसंग आणि ठरावीक अटींवरचं संशोधन यांना वाट ठेवलेली आहे. बाल न्याय कायद्याचं कलम 74 गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पोक्सो कायद्यातही तशीच मनाई आहे. तरीही वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव, वय आणि एमएलसी नंबरासकट मुलाचा एक्स-रे फिरणं, हे कुठल्याही रुग्णालयात काम केलेल्याला नवं नाही. सल्ला तातडीने हवा असतो, हेतू चांगला असतो. पण तो फोटो किती फोनांवर राहिला हे कुणी मोजत नाही. आपल्याकडे एखादा परदेशी चोर सर्व्हर फोडेल त्याच्या आधी हे दार बंद करायला हवं. एक्स-रे पाठवण्यापूर्वी कोपऱ्यातली नावाची पट्टी झाकायला दहा सेकंद लागतात.

राहता राहिला एक प्रश्न, ज्याला अजून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. इंग्लंडमध्ये आपली माहिती संशोधनाला आणि नियोजनाला वापरू नये असं ठरवायचा हक्क मुलाला तेराव्या वर्षापासून स्वतः बजावता येतो. 2012 मध्ये बाळ म्हणून ज्याची नोंद झाली, ते मूल 2025 मध्ये तेरा वर्षांचं झालं. आपली अशी नोंद आहे हेच त्याला माहीत नसेल तर हा हक्क कागदावर राहतो. त्याला कळवायचं, तर पत्र घरी जाणार, आणि त्या घरात ते कोण उघडेल याची खात्री नाही. दत्तक गेलेल्या मुलाच्या घरी तर असं पत्र जाताच कामा नये. मला सुचणारा मार्ग असा: कळवण्याचं काम पत्रावर न सोडता, मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा बालरुग्णालयाच्या संरक्षण पथकाकडे द्यावं, आणि बाराव्या-तेराव्या वर्षीच्या एखाद्या भेटीत, मूल एकटं असताना, त्याला पेलेल एवढंच सांगावं. त्यासाठी ओळखीची ती वेगळी यादी सांभाळणारा माणूस तेरा वर्षांनीही जागेवर हवा. नोंदवहीच्या अंदाजपत्रकात त्याच्या पगाराची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.